ताब्याचं झाड

३ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद तुला नको असतात हे माहीत आहे, पण मोठ्या भावाच्या पत्राला त्याशिवाय तोंड फुटत नाही, म्हणून घे. फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. पत्र फाडायला निदान हात तरी हलवावे लागतात.

काम ऑफिसचं आहे. फर्मला या वर्षअखेर तीस वर्षं होतात आणि मी पुस्तक काढतोय. चकचकीत कागद नाही. जाड, किंचित पिवळसर, बोटांना खरखर लागेल असा. प्रत्येक इमारतीला दोन पानं. फोटोंखालच्या ओळी मी स्वतः लिहितोय, कारण भाड्याने आणलेला लेखक वीटकामाला 'लालसर' म्हणतो आणि पुढे जातो. सुरुवात बाबांच्या रोपवाटिकेतल्या पत्र्याच्या शेडपासून केली आहे. एका टोकाला बाबांच्या कुंड्या, दुसऱ्या टोकाला माझा ड्रॉइंग बोर्ड. तू तेव्हा शाळेत होतास आणि माझ्या टी-स्क्वेअरने कपाटाखालचे चेंडू काढायचास. त्याची एक कड अजून वाकडी आहे. ते पुस्तकात घातलेलं नाही.

मग कापडवाल्याचं गोल कोपऱ्याचं घर, मुलींची शाळा, मध्ये एकही खांब नसलेली बँक, वाचनालय. आणि प्रसूतिगृह. तू डिग्री घेऊन आलास आणि आपण दोघांनी मिळून केलेली ती पहिली इमारत. गावाने आपल्याला 'भावांचं ऑफिस' म्हणायला सुरुवात केली ती तिथून.

तर प्रसूतिगृहाच्या पानासाठी मला तुझ्याकडून दोन परिच्छेद हवेत. पायाबद्दल. किती खोल घेतला, का घेतला. मला साडेचार फूट आठवतं, आणि माझी आठवण चुकत नाही हे तुला माहीत आहे, पण छापायचं तर इंजिनिअरच्या तोंडून आलेलं बरं.

जाता जाता: त्या इमारतीच्या दक्षिण कोपऱ्याच्या पायात वेगळं काही केलं होतं का आपण? नुसतं पुस्तकासाठी विचारतोय.

पाटीचा विषय मी काढणार नाही. तू ऑफिस सोडून सात वर्षं झाली. ज्याच्याकडे लायसन्स त्याचं नाव वर, हा सरकारचा नियम असेल, आपल्या घरातला नव्हता. एवढंच.

वहिनीने तुझ्या बायकोला आठवण सांगितली आहे. बाबा बरे आहेत. कान गेले आहेत, पण नको ते बरोबर ऐकतात.

दादा

१४ एप्रिल

धाकट्या,

दोन परिच्छेद मागितले होते, जमीन नाही मागितली. असो.

ज्याला चीर म्हणावं असं काही नाही, पण प्रसूतिगृहाच्या दक्षिण खोलीत, खालच्या मजल्यावर, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली आहे. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी पायऱ्या पायऱ्यांनी छताकडे चढत जाते. खाली निमुळती, वर रुंद. वरच्या टोकाला पोस्टकार्ड आत जातं. मागच्या आठवड्यात जात नव्हतं. मी प्रयत्न केला होता.

तू म्हणशील, खाली बंद आणि वर उघडी म्हणजे कोपरा खचतोय. ते मलाही कळतं. मी कॉलेजात गेलो नाही, पण भिंती बघत मोठा झालोय. मला फक्त 'का' कळत नाहीये. अठरा वर्षं जी भिंत जागची हलली नाही ती आता का हलावी? पाइप तपासले. कुठे गळती नाही. शेजारी खोदकाम नाही. मजल्यावर जादा वजन नाही.

चिरेवर मी काचेच्या पट्ट्या बसवल्या, दोन्ही टोकांना सिमेंट लावून. एक वर, एक मध्ये. वरच्या मजल्यावर चीर नाही, तरी तिथेही त्याच भिंतीवर एक लावली. काच ताणत नाही. भिंत हलली तर तुटते, नाहीतर तुटत नाही. पोस्टकार्डापेक्षा खात्रीचं.

मोठ्या डॉक्टरबाई, ज्यांचं ते प्रसूतिगृह आहे, त्या मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "काय हो, दिवस भरलेत का भिंतीचे?"

मी म्हटलं, "तसं काही नाही बाई. नेहमीची तपासणी."

"नेहमीची? अठरा वर्षांत तुम्ही एकदाच आला होता, तेही रंगवाल्याला ओरडायला."

मी हसलो. मला हसता येतं तेवढं. बाळंतिणी खाटांवर बसून आमच्याकडे बघत होत्या. त्या खोलीत आठ खाटा आहेत हे तुला सांगायला नको, अंतरं तूच काढली होतीस.

आता रोज सकाळी ऑफिसआधी तिथे जातो. तुझी वहिनी म्हणते, "त्या भिंतीला रोज विचारता कशी आहेस. मला एकदा ताप आला होता तेव्हा तुम्ही थर्मामीटर कुठे ठेवलाय एवढंच विचारलं होतं." बोलू दे. तिला मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

पुस्तकाचे फोटो समोर पसरून बसलोय. प्रत्येकात आपलं ताब्याचं झाड आलंय. फोटोवाल्याने विचारलं, सगळीकडे तेच झाड कसं काय? त्याला सांगितलं की ही फर्मची रीत. चाव्या हाती देऊन मालकाला ताबा दिला की त्याच दिवशी बाबा आपल्या हाताने नीलगिरीचं रोप लावणार. दक्षिण कोपऱ्यापासून बारा फूट. झपाट्याने वाढतं, दुपारची सावली भिंतीवर पडते, आणि लांबून झाड दिसलं की लोकांना कळतं, ही भावांची इमारत. बाबांना सहा इंच इकडे तिकडे चालायचं, मला नाही. टेप मी धरायचो. पुस्तकाच्या मलपृष्ठावर तेच घ्यायचं ठरवलंय.

तुझं मत कळव. पायाबद्दल.

दादा

२५ एप्रिल

धाकट्या,

मधली काच तुटली. पण घाबरू नकोस, कारण सापडलं आहे आणि इलाजही चालू आहे. तुझ्याशिवाय सापडलं, हे सांगायला थोडा आनंद होतो.

कोपऱ्याला खड्डा घेतला. काळी माती वाळून दगड झाली होती. फावडं टणकन वाजत होतं. भेगांत माझी पट्टी दीड फूट आत गेली. खाली पायाच्या काँक्रीटला चिकटून, माझ्या मनगटाएवढं जाड, एक मूळ. ते पायाखालून पलीकडे खोलीच्या बाजूला गेलं होतं.

नीलगिरी. अठरा वर्षं ती त्या कोपऱ्याखालचं पाणी पीत बसली आहे, गेली दोन वर्षं पाऊस ओढला, आणि माती आकसली. कोपऱ्याखालची गादीच काढून घेतल्यासारखं झालं.

बाबांना न्यावं लागलं. कुणीतरी घरी येऊन बोललं आणि ते कान नेमके तेव्हा चालू होते. ते खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसले. बराच वेळ मुळाकडे बघत राहिले. मला वाटलं रागावतील. म्हणाले, "तहान लागलीय रे हिला. मातीला. पाणी दे."

मला ते पटलं. अरे, सरळ आहे ना! वाळून आकसली तर भिजून फुगेल. आपण रोपवाटिकेतली माणसं, कोमेजलेलं दिसलं की आधी पाणी. बागेच्या नळाला पाइप लावला आणि सकाळ-संध्याकाळ खड्ड्यात सोडला. बाबा स्वतः पाइप धरतात, उठायला तयार नसतात. डॉक्टरबाईंची आया त्यांना चहा आणून देते आणि म्हणते, "आजोबा, इथे बाळं जन्मतात, भिंती नाही वाढत." बाबा तिला म्हणतात, "माझ्या हातून सगळं वाढतं."

आणि ऐक: चीर मिटतेय. पोस्टकार्ड जात नाही. तुझ्या सगळ्या आकडेमोडीला जे जमलं नसतं ते एका पाइपने केलं.

तरी तू काय म्हणतोस ते कळव. खात्री म्हणून नाही. नोंद म्हणून.

एक शंका आहे, तुझ्या धाटणीची. आपल्या एकूण एकतीस इमारती. एकतीस झाडं. प्रत्येक बरोबर बारा फुटांवर.

दादा

६ मे

धाकट्या,

पाणी बंद केलं आहे. हे आधी लिहितो.

काल सकाळी पोचलो तर वरच्या मजल्यावरची काच दोन तुकडे होऊन खाली पडलेली. जिथे चीर नव्हतीच तिथली. खालची चीर जवळजवळ मिटली होती आणि वर, बाळंतपणाच्या खोलीच्या दारावर, नवी उघडली होती. उलटी. खाली रुंद, वर निमुळती. मी उभा राहिलो आणि मला पहिल्यांदा भिंत वाचता येईना. म्हणजे अक्षरं दिसत होती, वाक्य लागत नव्हतं.

मग दार. बाळंतपणाच्या खोलीचं दार चौकटीत आवळलं गेलं. आत एक बाई कळा देत होती आणि डॉक्टरबाई बाहेर. आयाने ओढलं, वॉर्डबॉयने ओढलं, मी चौकटीला पाय लावून ओढलं. आतून नर्स ओरडत होती, "डोकं दिसतंय बाई, लवकर!" शेवटी बिजागऱ्यांच्या पिना काढल्या. पिना मीच काढल्या, पेचकस खिशात असतो म्हणून. मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. बाई हात धुऊन बाहेर आल्या, दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदा काही विनोद केला नाही.

पाणी कुठे गेलं ते मला नंतर कळलं. ड्रेनेजचा जुना चर. तो आपण वाळूने भरला होता. पाणी त्या वाळूतून कोपरा सोडून मधल्या भिंतीखाली गेलं, तिथली माती फुगली, आणि मधली भिंत वर उचलली गेली. एका बाजूला खचलेलं, दुसऱ्या बाजूला फुगलेलं. बाबांना सांगितलेलं नाही. ते अजून पाइप कुठे ठेवला म्हणून विचारतात.

काल ऑफिसला गेलोच नाही. स्कूटर काढली आणि आपल्या इमारती फिरलो. शाळेच्या दक्षिण कोपऱ्यावर सुट्टीतल्या वर्गाच्या मुली दप्तरं टेकवून बसल्या होत्या. मी पाटी वाचतोय असं दाखवून भिंत बघितली. बँकेत पैसे भरायच्या रांगेत उभा राहिलो, कारण तिथूनच कोपरा दिसतो. वाचनालयात एका खिडकीचं झडप घासतंय. ते पूर्वीपासून घासायचं का? मला आठवत नाही. मला, आठवत नाही.

झाड तोडावं का? तोडलं तर थांबेल ना? उत्तर फक्त हो किंवा नाही, एवढंच लिही. तुझ्या नावाचा कुठे उल्लेख करणार नाही.

दादा

९ मे

धाकट्या,

माझं पत्र स्पीड पोस्टने गेलं, तुझा कागदही तसाच आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एक आकृती आणि खाली पाच ओळी. तुझी अक्षरं अजून तशीच, इंजिनिअरिंगची, एकमेकांना न टेकणारी.

कागद दुपारी आला. सकाळचं आधी सांगतो, म्हणजे क्रम नीट राहील.

सकाळी मी डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर बसलो आणि म्हटलं, "बाई, दक्षिणेकडच्या दोन्ही मजल्यांवरच्या खोल्या आज रिकाम्या करा."

त्या चष्म्यावरून बघत राहिल्या. "आज? आज माझ्याकडे अकरा बायका आहेत. दोघी सिझरच्या."

"आज."

"कोसळणार आहे का?"

धाकट्या, या प्रश्नाला मी तीस वर्षं उत्तर दिलेलं आहे. मालक विचारतो, गळेल का, मी सांगतो नाही. टिकेल का, टिकेल. किती? तुमच्या नातवापर्यंत. माझा आवाज ठाम असतो म्हणून गाव आपल्याकडे येतं, डिग्री बघून नाही.

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"म्हणजे पडणार नाही असंही असू शकतं?"

"असू शकतं. पडेल असंही असू शकतं. मला खरंच माहीत नाही बाई."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्यात हे वाक्य बोलायला शिकायलाच दहा वर्षं लागतात. इतरांना येतच नाही." आणि घंटी दाबली. खाटा उत्तरेच्या व्हरांड्यात हलवल्या. एका बाळंतिणीची सासू मला म्हणाली, "तुम्हीच बांधलंत ना हे?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मग आधी का नाही बघितलं?" आणि बाळ सांभाळत निघून गेली. तिचं काही चुकलं नाही.

खोल्या रिकाम्या झाल्यावर पोस्टमन आला. तुझी पहिली ओळ: 'खोल्या रिकाम्या करा. वाट बघू नका.' मी ती दोनदा वाचली. ती मी आधीच केलेली होती, हे तुला कळावं असं फार वाटलं. म्हणून क्रम लिहिला.

दुसरी: पाणी थांबवा. थांबवलं होतं. तिसरी: झाड तोडू नका. एकदम तोडलंत तर माती पाणी धरून सगळीकडून फुगेल आणि जे खचलं नाही तेही उचललं जाईल. फांद्या दरवर्षी एक तृतीयांश कमी करा, हळूहळू पिणं कमी होऊ दे. चौथी: दाराच्या वर आणि खिडकीखाली टेकू, आकृतीप्रमाणे. पाचवी: रोज नाही, आठवड्याला मोजा. 'रोज मोजून तुम्हाला फक्त भीती मोजता येईल.'

ही शेवटची ओळ इंजिनिअरिंगची वाटली नाही.

टेकू उभे राहिलेत. तुझ्या आकृतीत एक लाकूड चार इंच आखूड दाखवलंस, मी बरोबर घेतलं.

दादा

१७ जून

धाकट्या,

भिंत थांबली आहे. पाच मोजण्या झाल्या, फरक नाही. डॉक्टरबाईंनी सरकारी इंजिनिअर आणला होता. त्याने सगळं बघितलं, तुझा कागद बघितला आणि म्हणाला, "यात मी काय घालू?" दक्षिणेची बाजू पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंदच. कोपऱ्याचा पाया खाली खडकापर्यंत न्यायचा, टप्प्याटप्प्याने. खर्च आपला. ते मी बाईंना विचारायच्या आधीच सांगितलं.

गावात बातमी झाली. 'भावांच्या इमारतीला तडा', असं छापलं. मला तडा या शब्दापेक्षा भावांच्या या शब्दाचं वाईट वाटलं, कारण तुझा त्यात काही दोष नव्हता. दोन नवी कामं गेली. पुस्तक थांबवलं आहे. छापखान्याला सांगितलं, मजकूर अपुरा आहे. खोटं नाही सांगितलं.

बाबांना शेवटी मी सांगितलं. दोन्ही गोष्टी. आधी झाडाची, मग पाण्याची. मोठ्याने, कानाशी, अंगणात उभं राहून, त्यामुळे शेजाऱ्यांनाही कळलं. ते खुर्चीत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "एकतीसही?"

मी म्हटलं, "एकतीसही बघावी लागतील."

"मग आपल्या ऑफिसापासून सुरू कर. दुसऱ्याच्या दारात कुऱ्हाड घेऊन जायचं तर आधी आपल्या दारात चालव."

ऑफिसच्या झाडाच्या वरच्या फांद्या काल उतरवल्या. बाबा खाली उभे राहून छाटणाऱ्याला सांगत होते कुठली घ्यायची, कुठली ठेवायची, इतक्या जोरात की रस्त्यावरची माणसं थांबली. काम झाल्यावर ते आत जाऊन झोपले आणि जेवायला उठले नाहीत. तुझ्या वहिनीने ताट झाकून ठेवलं. ती मला म्हणाली, "तुमच्या घराण्यात बोलायला लाकूड तोडावं लागतं का?"

आज मुलींच्या शाळेत गेलो. हेडबाईंना स्वच्छ सांगितलं: आमचं झाड तुमच्या पायाशी आहे, पायाखालची माती काय अवस्थेत आहे ते मला माहीत नाही, तपासावं लागेल, सुट्टी आहे तोवर. त्या घाबरल्या. साहजिक आहे, पाचशे मुली आहेत. त्यांनी विचारलं, "पण हे तपासणार कोण? तुम्ही?"

मी म्हटलं, "मी नाही. माती माझ्या भावाला कळते."

"पण ते तर सोडून गेले ना?"

"हो."

"मग येणार आहेत का ते?"

मी म्हटलं, "विचारलंय त्याला."

त्यांचं समाधान झालं. मी बाहेर आलो, स्कूटर चालू केली, आणि फाटकाशी परत बंद केली. मी सगळी पत्रं मनात आठवून पाहिली. तुला परिच्छेद मागितले, मत मागितलं, हो की नाही मागितलं. हे कुठेच विचारलेलं नाही.

म्हणून हे पत्र. शाळा पंधरवड्याने उघडते. पाटीवर कुणाचं नाव वर हे तू ठरव, मी रंगाऱ्याला बोलावतो.

येशील का?

दादा